वरचा तळ, खालचा तळ

माझ्या गोष्टींतलं निम्मं खोटं असतं, हे मीच सांगून टाकतो. तुम्ही पोरांनी मागाहून कुजबुजायला नको. पण ही गोष्ट माझी नव्हे. बोरगावच्या भावकूची आहे, आणि भावकूला खोटं बोलता येत नसे. आमटी बिघडली की बायकोच्या तोंडावर सांगायचा आणि उपाशी उठायचा. तो दिवा जरा बारीक करा. डोळ्यावर येतोय.

साल चौतीस. पौषातली अमावास्या. निपाणीहून तंबाखूच्या अकरा गाड्या बेळगाववरून घाट उतरून वेंगुर्ल्याच्या बंदराला निघाल्या होत्या. भावकू आपली गाडी घेऊन एक दिवस पुढं. मालकानं त्याला काम दिलं होतं, की घाटमाथ्यावरच्या गावात गाडीवानांच्या मुक्कामाला दोन तळ आहेत, दोन्ही बघ, आणि बरा असेल तिथं जागा धरून ठेव. गावाचं नाव मी सांगत नाही. तुमच्यातला एखादा उद्या सायकल काढून निघायचा.

भावकूनं दोन्ही तळ पारखले. खालचा ओढ्याकाठचा. पायाखाली रात्रंदिवस ओल, डास, आणि डोळा लागला की कडबा कमी व्हायचा. गाड्या इतक्या दाटीनं सोडलेल्या, की एकानं कूस बदलली की शेजारच्यानंही बदलावी. वरचा तळ तळहातासारखा सपाट. जमीन कोरडी, बारमाही झरा, वाऱ्याला जांभळींचा आडोसा, गुडघाभर गवत. आणि माणूस एक नाही.

खालच्या तळावर रुक्माबाई म्हणून एक म्हातारी गाडीवानांना भाकरी भाजून द्यायची. वर कुणी का उतरत नाही, असं त्यानं तिला विचारलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, मग म्हणाली,

"मिठाच्या गाड्या उतरत्यात तितं. माज्या लग्नाच्या आदी सात गाड्या दरीत गेल्या, माणसाजनावरासकट. तरी उतरत्यात." आणि भाकरी उलटता उलटता म्हणाली, "ऱ्हायाचं तर ऱ्हा. कोण इचारलं तर बोलू नको."

भावकू खालीच राहिला असता. पण त्याच्या जोडीतला हरण्या चंदगडापासून लंगडत होता. खूर सुजला होता. ओलीत रात्र काढली तर खूर नासणार. हरण्याची आई तो आठ दिवसांचा असताना मेली; भावकूनं त्याला बोटानं दूध पाजून वाढवला होता. आणि घाटमाथ्यावर लंगडा बैल विकत घेणारा एकच माणूस असतो. तो बैलाला कामाला लावत नाही.

भावकू वर गेला.

आता गाडीवानांची एक रीत तुम्हाला ठाऊक नसणार. तुम्ही लॉरीतनं फिरणारी पोरं. तळावर जो आधी उतरला, तो त्या रात्रीचा यजमान. मागनं येणारा जू उतरवण्याआधी त्याला विचारतो, "सोडू काय?" आधीचा म्हणतो, "सोड." मगच बैल सुटतात. गाडीवानाच्या तोंडून ते 'सोड' झोपेतसुद्धा निघतं.

भावकूनं जोडीतल्या दुसऱ्या बैलाला, चांद्याला, चाकाला बांधलं. हरण्याचं दावं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, आणि आडवा झाला.

रात्री दोनचा सुमार. घुंगरं वाजली. लांब. मग जवळ. चाकं करकरत आली. कंदील नाही. उजेड नाही. वास मात्र आला... भिजलेल्या मिठाचा.

"सोडू काय?"

भावकू गप्प.

"सोडू काय रं?"

त्यानं ओठ दाताखाली धरला. घुंगरं थांबली होती. कुणी हलत नव्हतं. तसाच किती वेळ गेला, कुणास ठाऊक. दिवसभराचा शीण. पापणी जड झाली... मिटली. आणि अगदी कानाशी, दमून गेलेल्या माणसाच्या आवाजात...

"आण्णा... सोडू काय?"

"सोड," भावकू म्हणाला.

जुवं जमिनीला टेकली. एक. दोन. तीन... सात. मग पावलं. गवतातनं. हरण्याजवळ येऊन थांबली.

दावं ताणलं. भावकूनं ते दोन्ही हातांनी आवळलं. तळवे सोलले. सोडलं नाही.

मग दावं ढिलं पडलं. अगदी ढिलं. त्यानं ओढलं, तर ओढलं तेवढं आलं. पलीकडं वजनच नाही.

"हरण्या..."

...

आणि दावं परत ताठ झालं.

उजाडलं. तळ मोकळा. गवत जसंच्या तसं उभं. हरण्या दाव्याला शांत उभा होता. खुराची सूज उतरली होती. चारी पाय जमिनीवर नीट टेकत होते. भावकू त्याच्या गळ्यात पडला, आणि रडला म्हणे. मग डोळे पुसले, आणि जू उचललं.

बैल एकदा जुवाच्या डाव्या अंगाला शिकला की मरेपर्यंत डाव्या अंगाला. चाबकानं फोडलात तरी उजवीकडं मान द्यायचा नाही. हरण्या डावा, चांद्या उजवा. सहा वर्षांची जोडी.

हरण्या आपणहून चालत आला. लंगडला नाही. आणि उजव्या अंगाला मान देऊन उभा राहिला.

चांद्या दाव्याला हिसडे देत मागं सरत होता. हरण्याकडं बघत. डोळे पांढरे...