आपला ठिपका

तुळशीराम जाऊन महिना झाला होता. साल दोन हजार तीन. त्याचा हवाई दलातला जोडीदार अनंता मानकोली नाक्यावर रिक्षा सोडून, वाट विचारत विचारत वळ गावात पहिल्यांदाच भेटायला आला. गोदामांनी गाव असं वेढलं होतं की डोळ्यांसमोरचं घरही सापडू नये. कमळनं त्याला चहा दिला, नवऱ्याच्या फोटोला हात जोडू दिले आणि मनातलं एकदाचं विचारून टाकलं.

"भावजी, ती बाई कोन होती?"

अनंताच्या हातातली बशी थांबली.

कमळचा जीव त्यातच अडकला होता. एकाहत्तरच्या लढाईत नवरा रडारवर होता, एवढंच तिला ठाऊक. कुठं, काय करत होता, विचारलं की "ड्युटीवर होतो," आणि तोंडाला कुलूप. पण हाच माणूस संसारभर झोपेत बोलायचा. "आलीस? चालून दमलीस ना गं..." इतक्या मायेनं तो जागेपणी तिच्याशी कधी बोलला नाही. ती अंधारात ऐकत पडायची आणि त्या बाईचा तिला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोला?

"वहिनी, आम्ही शपथ घेतलीय."

"ते गेलं. आता कुनाची शपत?"

तिन्हीसांजा झाल्या होत्या. ट्रकची घरघर थांबली होती, गोदामांचे दिवे लागायचे होते. खाडीकडून चिखलाचा ओला वास आला. आणि मागच्या शेतातून कुणीतरी हाक मारली.

"कमळ..."

सांजेच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसरीला द्यावी, हे गावात पोरांनाही माहीत. पण आवाज ओळखीचा होता. तुळशीरामचा.

"कमळ... बोला."

"बोला?" ती पुटपुटली. "मना कवापासून अहोजाहो करायला लागलं?"

अनंतानं बशी खाली ठेवली. "ही वायरलेसची हाक आहे, वहिनी. लढाईत खरी नावं घ्यायची नसतात. आमच्या पुढच्या चौकीला तुळशीरामनं तुमचं नाव दिलं होतं. एका संध्याकाळी त्या चौकीवर बॉम्ब पडले, कुणी उरलं नाही. तरी हा वेडा हाका मारत बसला. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं... बाईचं."

"मंग?"

"मग रडारच्या पडद्यावर एक ठिपका उमटला. विमान नव्हे. माणूस चालत यावा तसा, हळू. दिसेल तो ठिपका आपला की परका, ते वर कळवायचं असतं. हा म्हणाला, 'आपला आहे, सोडा.' आम्ही कळवलं नाही. उघड झालं असतं तर कोर्ट मार्शल, म्हणून शपथा. पहाटे ठिपका आमच्यापाशी पोचला. तुळशीरामनं दार उघडलं, बाजूला सरकला, कुणालातरी आत घेतलं. आम्हाला काही दिसलं नाही. फक्त चिखलाचा वास आला... त्या वाळवंटात."

"आनि ती बाई?"

"मघाशी दारात तुम्ही 'या' म्हणालात ना, तेव्हाच मी आवाज ओळखला."

कमळला हसू आलं आणि रडूही आलं. जन्मभर जिचा हेवा केला ती आपणच, हे त्या मुलखावेगळ्या माणसानं एकदा तरी सांगायचं होतं!

"कमळ..." हाक आता अगदी जवळून आली.

"वहिनी, ओ देऊ नका..."

ती मागच्या दारात गेलीसुद्धा. "हाय मी! आले, आले... वाईच थांबा."

अनंतानं डोळे मिटले. त्या रात्री वायरलेसवर आलेले शब्द हेच होते.

त्यानं डोळे उघडले तेव्हा कमळ उंबऱ्यावरच उभी होती, जागची हलली नव्हती. पण तिच्या पायांपाशी सुरू होऊन समोरच्या ओल्या शेतात, कुणी दिसत नसताना, अनवाणी पावलं उमटत चालली होती, एकामागून एक, खाडीच्या दिशेनं. कमळ ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, आणि लांबवर चालल्यासारखे तिचे पाय हळूहळू दुखायला लागले.