ताडीचा पेला

"हा डगला कापून राजाचा अंगरखा शिवून द्या," दुकानात शिरता शिरता तो म्हणाला.

मी मशीन थांबवलं. त्याच्या हातात वकिलाचा काळा डगला – आणि कापड तरी किती भारी! एनुगू शहरभर हरमट्टनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ उडत होती, त्याच्या पापण्यांवरसुद्धा बसली होती.

"शुद्धीवर आहात ना? वकिली कुणी अशी कात्रीखाली देतं का?"

"सोडली वकिली. नाटक कंपनी काढलीय. तुम्हीही उपदेश करणार असाल तर दुसरा शिंपी बघतो."

"उपदेशाला वेळ कुणाला आहे? मापं सांगा!"

असा भेटला मला ओबियोरा. एका जुन्या गोदामाचं त्याने नाट्यगृह केलं. खुर्च्या पुसण्यापासून तिकिटं विकण्यापर्यंत सगळं हाच करायचा. मी कोपऱ्यात बसून कपडे शिवायची. ऐकून ऐकून सगळ्यांचे संवाद मला पाठ झाले. दुपारी तो माझ्यासाठी केळीच्या पानात उकडलेला पिठाचा गरम ओक्पा आणायचा नि समोरच बसायचा.

"उजुन्वा, टाका घालताना तू ओठ का चावतेस?"

"तुम्ही बघता कशाला?"

"वकिलाची सवय… साक्षीदारावरून नजर हटत नाही."

"मी कसली साक्षीदार?"

तो नुसता हसायचा. आणि माझा टाका वाकडा जायचा.

पण प्रयोगाच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "उद्याचा खेळ झाला की मी लागोसला जातोय. मामांकडे – परत वकिली."

"का?"

"नाटकवाल्याला कोण मुलगी देणार, उजुन्वा?"

अस्सा राग आला! मुलगी कोण देणार म्हणे… मेल्याने मुलीला विचारलं तरी होतं का? "जा मग!" म्हणाले आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नायिका मलेरियाने आडवी झाली. संवाद पाठ असलेली मी एकटीच. माझ्या अंगावर नवरीचा साज चढला. खेळ रंगला. गोदामात उभं राहायला जागा नव्हती. पाचव्या रांगेत माझे बाबाही होते.

शेवटचा प्रवेश लग्नाचा. आमच्यात नवरदेव गर्दीत लपून बसतो. नवरी बापाच्या हातून ताडीचा पेला घेते, नवऱ्याला शोधून काढते, गुडघे टेकून पेला देते. तो प्यायला की लग्न ठरलं. नाटकातला नवरदेव चिका दुसऱ्या रांगेत बसला होता.

मी पेला घेऊन खाली उतरले आणि लोक नाटक विसरले.

"इकडे आण गं पोरी!"

"त्या वाळक्याला काय बघतेस? मला बघ!"

चिकाने खूण म्हणून खाकरून दाखवलं. पण दाराशी ओबियोरा उभा होता. भरलेल्या खुर्च्यांकडे बघत होता, डोळे काठोकाठ. उद्या हा जाणार… माझे पाय चिकापाशी थांबलेच नाहीत.

मी ओबियोरासमोर गुडघे टेकले. "घ्या."

"उजुन्वा – नवरदेव तिकडे आहे."

"माहीत आहे मला."

"मग… हे नाटकच ना?"

"तुम्हीच सांगा. वकील ना तुम्ही?"

मी पेला आणखी वर धरला.

"नाही," तो म्हणाला. "मी नाटकवाला आहे." आणि त्याने एका दमात पेला रिकामा केला.

"ए नाटकवाल्या!" बाबा उठून ओरडले. "पिऊन मोकळा झालास, पण मागणी कोण घालणार? आधी तुझी माणसं घेऊन घरी ये!"

"शनिवारी येतो, बाबा!"

"आणि मी काय करू?" चिकाने विचारलं. लोकांना वाटलं, हेही नाटकातच आहे. टाळ्या थांबेनात.

ओबियोराने मला हात धरून उठवलं. "थांबवलंस मला… फार उपकार झाले तुझे."

"उपकार माझ्यावर झाले," मी म्हणाले. "पेला परत केला असतात, तर मी तोंड कुठे लपवणार होते?"

आणि चारशे माणसांदेखत मला रडू फुटलं.