नाल्याकाठचा पर्याय

लाइट गेली? जाऊ द्या. मोबाइलचा उजेड तोंडावर मारू नका रे. अन् भूपेंद्र, तुला दात काढायचे असतील तर आत्ताच घरी जा. ही गोष्ट माझ्या साडूच्या पोराची, हितेंद्रची. अमळनेरहून धुळ्याकडे जाताना त्याचं गाव लागतं. नाव सांगणार नाही, तिथल्या बायांना ते आवडायचं नाही.

दोन वर्षं झाली. रस्ता चौपदरी व्हायचा होता. साहेब लोकांनी नकाशावर दोन रेघा मारल्या. पर्याय एक गावातून, त्यात रस्त्याकडेची घरं जाणार. हितेंद्रचंही जाणार. नवंकोरं स्लॅबचं घर, अजून रंगाचा वास गेला नव्हता. पर्याय दोन नाल्याच्या काठाने, पडीक रानातून. ग्रामसभेत साहेबांनी विचारलं, "काठावर काही आहे का? देऊळ, समाधी?"

हितेंद्र पंचायतीचा मेंबर. ताडकन उठला. "काही नाही साहेब. काटे अन् दगड."

म्हातारे खाली बघत बसले. तिथे काय आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं. दात यायच्या आत गेलेलं लेकरू आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. ते याच काठावर. कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचायचे, बाभळीची फांदी टाकायची. नाव नाही, पाटी नाही. त्या जागेचं कुणी बोलतसुद्धा नाही. हितेंद्रचा पहिला मुलगा तिथेच होता. अन् बायको, चारुलता, पुन्हा आठव्या महिन्यात. येणारं लेकरू आपल्याच घरात वाढलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात बसलेलं.

सोमवारी सकाळी साहेब काठ बघायला येणार होते. दगडांच्या राशी दिसल्या तर विचारतील. म्हणून रविवारी रात्री, पौषातल्या अमावास्येला, जेवण करून गडी निघाला.

"एवढ्या थंडीत कुठे?" चारुलताने विचारलं.

"हरभऱ्याला पाणी द्यायला. शेतात लाइट रात्रीचीच आहे."

खोटं बोलला लेकाचा. बॅटरी घेतली अन् थेट काठावर गेला.

चिडीचूप होतं. त्याने पहिली फांदी ओढून बाजूला केली, दगड उचलले अन् नाल्यात भिरकावले. नाला कोरडा, खाली नुसता खडक. एक फेकला, दुसरा फेकला. हात भराभर चालत होते. मग त्याच्या लक्षात आलं…

आवाज येत नव्हता.

खडकावर दगड पडतो अन् आवाज नाही? त्याने मोठा दगड उचलला. जोर लावून फेकला. कान दिला.

काही नाही…

आपल्या मुलाची रास कोणती, तेही ओळखू येईना. स्वतःच्या हातांनी रचलेली, अन् बापाला ओळखू येईना! तरी थांबला नाही. घर डोळ्यांपुढे होतं ना!

शेवटची रास. लहानशी. त्याने वरचा दगड हातात घेतला. अन् मागून कुणी बाई बोलली. पाळण्याजवळ बोलतात तशी, अगदी हलक्या आवाजात.

"हयू रे भाऊ… आत्तेच निजनात."

हळू. आत्ताच निजलीत.

कोण निजलं?

तो वळला नाही. मान वळेचना. बॅटरी गेली. अंधार…

हातातला दगड कुणीतरी काढून घेतला. अलगद.

मग पळाला. चपला तिथेच. काटे रुतले, कळलं नाही. घरी आला तर दार सताड उघडं. ओसरीवर चारुलता उभी. पदर दोन्ही हातांनी पुढे धरलेला.

"अहो, बाया आल्या होत्या," ती म्हणाली. "ओटी भरून गेल्या."

"कोण… कोण बाया?"

"तोंडं दिसली नाहीत. एक म्हणाली, पोरांना आता तिकडे जागा नाही राहिली. तुझ्यापाशी ठेव."

त्याने पदरात पाहिलं.

दगड. सगळे.

"जड नाही लागत हो," ती म्हणाली.

हितेंद्र उभ्या जागी बसला अन् लहान पोरासारखा रडला. सगळं सांगितलं तिला. तिने डोळे पुसले. उजाडायच्या आत त्याने दगड घमेल्यात भरून नेले, राशी पुन्हा रचल्या. तिला जड न लागलेलं ते ओझं न्यायला याला चार खेपा कराव्या लागल्या. साहेब आले तेव्हा हात जोडून म्हणाला, "मी खोटं बोललो साहेब. इथे आमची लेकरं आहेत." पुढे पर्याय एक ठरला, गावातून जाणारा. त्याच्या नव्या भिंतीवर लाल खूण पडली.

एक दगड मात्र चारुलताने दिला नाही. लहानसा. छातीशी धरून बसली. "हा आपल्या पहिल्या बाळाचा," म्हणाली.

आता भाड्याच्या खोलीत राहतात. पाळण्यात मुलगी आहे, पाळण्याखाली तो दगड. ओळखला कसा, ते तिलाही सांगता येत नाही. पुरायला बायांना नेत नाहीत रे त्या काठावर. तिने तो दगड कधी पाहिलाच नव्हता.