बिराप्पांच्या ओव्या कुणी पुसल्या?

"मॅडम, ओव्यांचा फोल्डर गेला. सगळाच!" शोएबनं फोनवर सांगितलं.

उपनिरीक्षक पल्लवी माधवनगरच्या त्याच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत पोचल्या, तेव्हा दारातच सुलाबाई बसल्या होत्या. त्यांचे पती बिराप्पा गेल्या आठवड्यात वारले. मेंढरांमागं हिंडताना पाठ केलेल्या त्यांच्या धनगरी ओव्या कुठंच लिहिलेल्या नव्हत्या. होत्या त्या फक्त शोएबच्या कॉम्प्युटरवर.

"आवाज तरी ऐकवा की वो बाई," सुलाबाई म्हणाल्या.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत, कुलपात. किल्ली शोएबकडं. पल्लवींनी रिसायकल बिन उघडला. रिकामा. दुसऱ्या डिस्कवरची प्रतही नव्हती; मूळ फोल्डर बदलला की तीही आपोआप बदलायची.

"काल कोण आलं होतं?"

"फक्त मल्हार, बिराप्पांचा मुलगा. लॅपटॉप घेऊन बाहेरच्या खोलीत बसला होता."

"इंटरनेटवरून कुणी घुसलं असेल?"

"नाही हो. रस्ता खोदताना केबल तुटली. काल सकाळपासून नेट बंद आहे. वायफाय जोडलेलं दिसतं, पण काही उघडत नाही."

मल्हार भिंतीला टेकून उभा होता.

"तू तो फोल्डर उघडलास?"

"न्हाई मॅडम. नेटच नव्हतं, उघडंल कसा?"

त्याच्याशेजारी श्रद्धांजलीचा फलक होता, त्यानं काल संध्याकाळीच छापून आणलेला. त्यावर हेडफोन लावलेले बिराप्पा हसत होते.

"हा फोटो कुणी काढला?" पल्लवींनी विचारलं.

"मी," शोएब म्हणाला. "शेवटच्या रेकॉर्डिंगला. कॅमेऱ्यातून काल सकाळीच ओव्यांच्या फोल्डरात टाकला."

"कुणाला पाठवलास?"

"कुणालाच नाही."

पल्लवी मल्हारकडं वळल्या.

"बंद होतं ते इंटरनेट. वायफाय चालूच होतं. राउटर सुरू असला आणि फोल्डर सगळ्यांना खुला ठेवला असला, की त्यावर जोडलेले कॉम्प्युटर आपसात फाइली देतात-घेतात, त्याला बाहेरची केबल लागत नाही. शोएबनं इथं बसून पुसलं असतं, तर फाइली बिनमध्ये सापडल्या असत्या. दुसऱ्या लॅपटॉपवरून पुसलेलं बिनमध्ये येत नाही, थेट जातं. बिन रिकामा करता येतो, म्हणून तरीही मी शोएबवर संशय ठेवला असता. पण फोल्डर उघडलाच नाहीस, तर त्यातला फोटो तुझ्या फलकावर आला कुठून?"

मल्हारनं कबूल केलं.

"येकच पुसायची हुती मॅडम. शेवटची. त्यात आबा म्हनत्यात, 'पुरं कर रं, दम लागलाय, घरी चल.' आन् मी म्हनतोय, 'अजून येक हुंद्या.' त्याच राती गेलं ते. आईनं ते ऐकू नये, येवढंच हुतं मनात. घाईत चुकून समदा फोल्डरच पुसला."

शोएबनं दोन दिवस सगळे उपाय करून पाहिले. हाती नुसती खरखर लागली.

सुलाबाई लेकाला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तू म्हन."

मल्हारनं खाकरून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवरच तो अडला.

"पुढं काय गं, आये?"

"मला कुठं येत्यात रं? मी नुसती ऐकायची."