पाळण्यावरचं नाव

तो तिच्या पाट्या रंगवायच्या दुकानात शिरला तोच उलटा पाळणा डोक्यावर घेऊन. समोरचं दिसणार कुठून? दारात वाळत ठेवलेल्या पाटीला तो सरळ जाऊन धडकला आणि ‘चपला शिवून मिळतील’मधल्या चपला त्याच्या बाहीवर उमटल्या.

“अहो! सुतार शेजारी बसतो!” ती ब्रश उगारून ओरडली.

“माफ करा हं… पाय ढिला झालाय,” पाळण्याखालून आवाज आला. “पाळण्याचा. माझा नाही.”

आता यावर रागवायचं की हसायचं? अख्खी पाटी पुन्हा रंगवावी लागणार होती, तरी तिला हसूच फुटलं.

सुतारानं पाय घट्ट केला आणि पाळणा तिच्याकडेच परत आला, नाव घालायला. त्याला भाची झाली होती. बाळ जरा घाईनं आलं होतं, म्हणून अंगानं भरेपर्यंत त्याचा मुक्काम दवाखान्यात. तोवर नाव शोधायची कामगिरी ताईनं मामाच्या गळ्यात मारली होती. पुराणातलं हवं, पण शाळेत एका हाकेला चौघी उभ्या राहतील असं नको.

“दमयंती!” दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानातून सुटून तो थेट हजर.

“नवरा तिला झोपेत टाकून गेला, मामा,” ती म्हणाली. “आणि हे नाव पाळण्यावर?”

“मग शकुंतला?”

“नवऱ्यानं ओळखसुद्धा दाखवली नाही.”

“पेंटरबाई, तुम्ही फार चिकित्सा करता बुवा.”

“आणि तुम्ही लोकांचे डोळे तपासता ना? मग जरा बघून निवडा!”

तो रोज यायचा. स्टुलावर बसायचा, टर्पेंटाइनचा डबा पुढे सरकवायचा आणि नवं नाव काढायचा. ऊर्मिला म्हणाला, तर ती म्हणाली, “चौदा वर्षं नुसती वाट बघत बसली बिचारी!” संध्याकाळ व्हायला आली की तिचे कान दाराकडे लागत. खरं सांगायचं तर नावं काही वाईट नव्हती. पण नाव ठरलं, पाळणा गेला, की मामा कशाला येतोय इकडे?

मग एके दिवशी तो म्हणाला, “देवयानी.”

“तिनं स्वतःहून लग्नाचं विचारलं… आणि त्यानं तोंडावर नाही म्हटलं.” बोलता बोलता तिचेच कान तापले. त्यानं आधीच पुढे असलेला टर्पेंटाइनचा डबा आणखी पुढे सरकवला.

आणि आज तो भरदुपारी धापा टाकत आला.

“संध्याकाळी बाळ घरी येतंय! ताईनंच ठरवलं नाव. उषा!”

“अय्या, आजच?” तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण पाळणाही आजच जाणार होता. तिनं निळा रंग कालवला आणि एकेक रेघ जिवापाड जपून ओढली. उगाच जरा सावकाशच.

“काढा की खोट,” तो हळूच म्हणाला.

“नाहीये खोट. उषाच्या स्वप्नात एक राजपुत्र आला. कोण, कुठला, काही पत्ता नाही. मग तिच्या मैत्रिणीनं, चित्रलेखानं, एकेका राजपुत्राचं चित्र काढून दाखवलं. उषानं त्याला ओळखलं, आणि चित्रलेखानं त्याला पलंगासकट उचलून आणलं!”

“पलंगासकट? बापरे! आणि… त्या चित्रं काढणारीचं पुढे काय झालं?”

ब्रश थांबला.

“कोण जाणे. तिचं कुणी विचारलंच नाही.”

“मी विचारतोय ना,” तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं. तो हसत नव्हता. कपाळावर घाम, हातात चष्मा, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

“तुम्हाला काय वाटलं, मला सगळ्या दुःखी बायकाच कशा सापडल्या? रोज आईला विचारायचो, कुणाच्या नशिबी हाल आहेत ते सांग. चांगलं नाव आणलं असतं तर तुम्ही रंगवून मोकळ्या झाला असता… मग मी काय निमित्तानं आलो असतो?”

“लबाड!” ती ओरडली. “आणि मी इकडे रोज घाबरत होते, आज बरं नाव आणलंत तर खोड कुठून काढू!”

मग दोघांनाही असं हसू लोटलं की शेजारचा सुतार डोकावून गेला.

“म्हणजे… हो समजू?” त्यानं विचारलं.

“हो,” ती म्हणाली. “हो, हो. आता उचला तिकडून. रंग ओला आहे, एकट्यानं नेलात तर उषा तुमच्या शर्टावर जाईल.”

एव्हाना उन्हं उतरली होती. भर रस्त्यातून दोघं पाळणा घेऊन निघाली, तो पुढे, ती मागे. तो सारखा मागे वळून बघत होता आणि ती ओरडत होती, “मामा, समोर बघा!”

दार ताईनंच उघडलं. तिनं पाळण्याकडे पाहिलं, भावाच्या लाल कानांकडे पाहिलं आणि मग पेंटरबाईच्या निळ्या बोटांकडे.

“अच्छा, म्हणजे हीच का ती? जिला एकही नाव पसंत पडत नव्हतं?”

“पडलं,” ती म्हणाली. नजर मात्र पाळण्यावर नव्हती.

ताई काय ते समजली. पाळण्याला हात लावत म्हणाली, “या, दोघंही आत या. बाळ जागं आहे.”