एका लॉगिनचे दोन धनी

‘हे खाते दुसऱ्या संगणकावर सुरू आहे. तिथून बाहेर काढायचे?’

पडद्यावरचं ते वाक्य वाचून तिच्या काळजात धस्स झालं. गणिताचं हे सॉफ्टवेअर कॉलेजकडून तिला कालच मिळालं होतं. पासवर्ड तिने सख्ख्या बहिणीलासुद्धा सांगितला नव्हता. आणि आत आधीच कुणीतरी ठाण मांडून बसलेलं?

तिने दातओठ खात ‘हो’ दाबलं.

“अरे! मला कोणी हाकललं?” लॅबच्या मागच्या रांगेतून आवाज आला.

ती गर्रकन वळली. खिडकीजवळच्या संगणकामागून एक उंच मुलगा उठून उभा राहिला होता. चष्मा डोक्यावर ढकललेला, केस विस्कटलेले, चेहरा तिच्याइतकाच हबकलेला.

“तुम्ही माझ्या खात्यात काय करताय?” तिने विचारलं.

“तुमच्या? अहो, हे तर मी तुम्हाला विचारायला हवं...”

संगणक विभागातल्या मॅडमनी दोघांची ओळखपत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि कपाळावर हात मारून घेतला. आडनाव एकच, नावाचं पहिलं अक्षर एकच, प्रवेशाचं वर्षही तेच. दोघांना मिळून एकच लॉगिन दिलं गेलं होतं, आणि कॉलेजनेच ठरवलेला पासवर्डही एकच.

“मग मला दुसरं द्या ना,” ती म्हणाली.

“कुठून देऊ? यंदाची सगळी वाटून झाली. आता पुढच्या वर्षी. तोवर घ्या जुळवून. एका वेळी एकालाच आत जाता येईल.”

पुढच्या वर्षी! प्रकल्प तर याच सत्रात द्यायचा होता. ती संख्याशास्त्राची, दवाखान्यातली रांग कधी आणि का लांबते, याचं गणित तिने निवडलं होतं. त्याचा विषय पूल. माणसं चालताना पादचारी पूल किती हलतो, ते त्याला शोधायचं होतं.

पुढचे काही दिवस दोघांनी एकमेकांना मनसोक्त हाकललं. ती आत गेली की तो बाहेर, तो आत शिरला की ती. शेवटी एका दुपारी तो खुर्ची ओढत तिच्या टेबलापाशी आला.

“आकडेबाई, तह करायचा का? एकाच संगणकावर बसू. तसंही... मला हे अजून नीट येत नाही.”

“मला तरी कुठे येतंय!” ती बोलून गेली, आणि मग दोघंही हसली.

अशी शिकवणी सुरू झाली. शिकणारे दोघं आणि शिकवणारेही तेच दोघं. पहिल्याच दिवशी तिने एक ओळ लिहून बटण दाबलं मात्र, पडद्यावर आकड्यांचा लोंढा सुटला. थांबता थांबेना!

“बाई गं! मोडलं का हे?” तिने घाबरून त्याचा दंडच धरला.

“मोडलं नाही. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला.” तो तिच्या हाताकडे बघत म्हणाला. “तो दिला की हे मनातल्या मनात हिशेब करतं. नाही दिला तर सगळं भडाभडा बोलून दाखवतं.”

“आणि तुम्ही? तुम्ही कुठल्या जातीचे?”

“मी... मनातल्या मनातला.”

तिने झटकन हात काढून घेतला. कान मात्र तापलेच. एसीच्या त्या गारठ्यात कान का तापावेत, ते तिला कळेना.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही समजलं नाही. त्याचा पूल वळणावळणाच्या रेषेत पडद्यावर डुलायला लागला, तिची रांग खांबांच्या आलेखात उभी राहिली. एकदा तिची मैत्रीण डोकावून गेली आणि दारातून मोठ्याने म्हणाली, “बरं आहे बाई तुझं! लग्नानंतर आडनाव बदलायची कटकट नाही!”

“गप गं! लॉगिनपुरतं बसतोय शेजारी,” तिने तोडून टाकलं.

तो मान खाली घालून टाइप करत राहिला.

आणि मग एका दुपारी शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. लॉगिन कसं अगदी लोण्यासारखं चालत होतं, कुणी हाकलत नव्हतं. हेच तर हवं होतं ना? मग आलेखाचे खांब असे धूसर का दिसावेत? रोज भेट व्हायची, म्हणून त्याचा नंबर घ्यायचंही कधी सुचलं नव्हतं.

ती मॅडमकडे गेली.

“तो? त्याने नाव काढून घेतलं की,” मॅडम म्हणाल्या. “लॉगिन तिलाच राहू दे, म्हणाला. हल्ली ग्रंथालयात बसतो. तुला बोलला नाही?”

तिला कापलं असतं तरी रक्त आलं नसतं. ती तशीच ग्रंथालयाकडे पळत सुटली.

तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला होता. समोर लॅपटॉप.

“मूर्खा!” ती धापा टाकत म्हणाली. “त्याग करायला कोणी सांगितलं होतं तुला? पुलाचं काय आता?”

“अगं, त्यागबिग काही नाही. फुकटचं एक सॉफ्टवेअर सापडलंय. बरंचसं तसंच आहे. पूल हलतोय व्यवस्थित.”

ती आ वासून बघत राहिली. “मग... मग न सांगता का गेलास?”

तो चष्मा काढून पुसत राहिला.

“लॉगिन एक होतं तोवर तू रोज शेजारी बसायचीस. पण कशासाठी बसतेस ते कळायला मार्ग नव्हता. म्हटलं, हे मधलं लॉगिन काढून बघू. काम नसताना आलीस तर...” त्याने वर पाहिलं. “कशासाठी आलीस?”

‘आभार मानायला’ असं म्हणायचं तिने ठरवलं होतं. तोंडातून भलतंच निघालं, आणि तेही चांगलं खणखणीत —

“कारण मला तू आवडतोस!”

आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. आपण हे काय बोलून बसलो, म्हणून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पण तिच्यापेक्षा वाईट अवस्था त्याची झाली होती. “म्हणजे... मी... तू...” म्हणत त्याने चष्मा उलटाच डोळ्यांवर चढवला.

ग्रंथपाल बाईंनी नाकावरच्या चष्म्यातून पाहिलं.

“अरे बाळा, तिने सांगितलं ना स्पष्ट? आता तूही सांगून टाक. इथे लोकांना अभ्यास करायचाय.”

“मलाही...” तो कसाबसा कुजबुजला. “खूप. पण यापुढे काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं. तू येशील असं वाटलंच नव्हतं गं.”

“मग नको बोलूस,” ती म्हणाली. तिने खुर्ची ओढली, शेजारी बसली आणि टेबलाखाली हळूच त्याचा हात हातात घेतला.

“केवढा थरथरतोय हात तुझा!”

“माझा नाही, तुझा थरथरतोय.”

दोघांनी खाली वाकून पाहिलं. दोघांचेही थरथरत होते.