दाराबाहेरचे दोन हात

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला हात जोडणार नाही. पण ज्या दाराबद्दल सांगतोय ते दार आजही झरीत आहे. त्या दाराला पाठ लावून मी स्वतः दोन तास बसलो होतो.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

गेल्या वर्षीचा एप्रिल. मंगळवार. भर दुपार. आमच्याकडचं ऊन ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको... बारानंतर गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मी राम. परभणीत एका शाळेत शिकवतो. माझा थोरला भाऊ मार्तंड, म्हणजे दादा, गावी झरीला शेती करायचा. घरात तो, कावेरी वैनी आणि त्यांची सात वर्षांची ईश्वरी.

दादा लय मऊ माणूस. कुणाच्याही लग्नात नवरीच्या बापाआधी हा रडायचा. बैल विकला की दोन दिवस जेवायचा नाही. लोक हसायचे. तोही डोळे पुसत हसायचा.

त्या एप्रिलच्या आधीच्या दिवाळीनंतर कापूस वेचताना तो रानात कोसळला.

गाडीत घालून दवाखान्यात नेईपर्यंत हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून, झटके देऊन त्याला परत आणलं. मध्ये किती वेळ गेला? कुणी पाच मिनिटं म्हणतं, कुणी आठ.

मग त्याच्या छातीत डाव्या बाजूला, कातडीखाली, काडेपेटीएवढं मशीन बसवलं. ठोका चुकला की ते आतूनच झटका देतं.

अशी मशीन बसवलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्या शाळेतलेच एक सर आहेत, नातवंडांना खांद्यावर घेऊन फिरतात. त्यामुळे दोष मशीनचा होता असं मी म्हणत नाही.

दादा घरी आला.

ईश्वरी पळत जाऊन त्याच्या कमरेला बिलगली. तो उभा राहिला. त्याचे हात वर आलेच नाहीत.

ताट ठेवलं की जेवायचा. ताट उचललं की थांबायचा. दिवसभर ओट्यावर बसून राहायचा. एकदा मी समोरच बसलो होतो. त्याच्या उघड्या डोळ्यावर माशी येऊन बसली...

पापणी हालली नाही.

आणि एक आवाज यायचा. अगदी बारीक. त्याच्या छातीतून... टी... टी... टी...

पुन्हा दवाखान्यात नेलं. मशीन तपासलं. डॉक्टर म्हणाले, "सगळं व्यवस्थित आहे. असा आवाज झाल्याची नोंद नाही."

जानेवारीत गाय व्याली. गाय रानात गेली की वासरू हंबरायचं. एक दिवस वैनी संध्याकाळी शेतातून आल्या, तर गोठा गप्प होता.

वासराचं तोंड तारेनं आवळलेलं. नाकासकट. वासरू गेलेलं.

"हे काय केलंव?" वैनी ओरडल्या.

"आवाज करायलतं," दादा म्हणाला.

बस्स. राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

पण वैनींनी त्या दिवशी आणखी एक पाहिलं. दादा गोठ्यात भिंतीकडे बघत बसला होता. उजवा हात मांडीवर. आणि डावा हात... मेलेल्या वासराच्या मानेवरून फिरत होता. हळूहळू. त्या हाताचं जणू त्यालाच माहीत नव्हतं.

मग आला तो मंगळवार.

ईश्वरीला ताप होता. वैनींचा फोन आला म्हणून मी सकाळीच गेलो. दुपारी वैनी दवाखान्यातून औषध आणायला गेल्या. मी आणि ईश्वरी आतल्या खोलीत. ती खोली धान्याची. खिडकीला गज, आणि दाराला कडी फक्त बाहेरून.

पोरगी तापानं कण्हत होती. "आई... आई..."

बाहेर पावलं वाजली.

थांबली.

टी... टी... टी...

दारात दादा उभा होता. उजव्या हातात तार.

"आवाज करायलीय," तो म्हणाला.

"दादा, ताप हाय तिला!" मी उठलो. त्याच्या छातीवर हात ठेवून ढकललं. भिंत ढकलावी तसं वाटलं. त्यानं एका हातानं मला बाजूला सारलं. मी ज्वारीच्या पोत्यांवर जाऊन पडलो.

त्यानं पाऊल उचललं...

आणि अडकला.

त्याच्या डाव्या हातानं चौकट धरली होती.

अंग पुढं ओढत होतं. हात सोडत नव्हता. नखं पांढरी पडली होती. चेहरा तसाच, कोरा. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं. किती महिन्यांनी...

आणि आवाज आला. ओठ जेमतेम हालले. विहिरीच्या तळातून कुणी बोलावं तसा आवाज.

"राम्या... दार लाव... लय येळ न्हाई धरता येत मला..."

"दादा, आतून कडी न्हाई रे!"

तो मागं सरकला. डाव्या हातानंच दार ओढून घेतलं.

बाहेरून कडी लागली. खट्.

मी श्वास सोडला.

आणि तेवढ्यात... खट्. कडी निघाली.

मी दाराला पाठ लावली. पाय पोत्यांना रेटले.

खट्. लागली.

खट्. निघाली.

खट्. लागली.

फोन बाहेर चार्जिंगला होता. ओरडावं, तर आवाजानंच तो आला होता. ईश्वरी पुन्हा कण्हायला लागली. मी तिला ओढून जवळ घेतलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. ती माझ्याकडे डोळे फाडून बघत राहिली. मीही तेच करत होतो, जे तो करायला आला होता.

दोन तास. मोजायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं. एवढंच कळत होतं की कडी निघाल्यावर पुन्हा लागायला आता आधीपेक्षा वेळ लागत होता...

खट्.

...

...

खट्.

मग बाहेर पिशवी पडल्याचा आवाज आला. वैनी आल्या होत्या.

त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. एकदाच. दादा दाराला चिकटून उभा होता. उजवा हात कडी काढायचा. डावा हात ती पुन्हा बसवायचा. डाव्या हाताची बोटं सोलून निघाली होती, कडीला रक्त लागलं होतं. आणि चेहरा असा, की जणू माणूस एसटीची वाट बघत उभा आहे.

वैनींनी त्याचा डावा हात धरला. तो गुमान त्यांच्यामागे गेला.

त्याच संध्याकाळी मी ईश्वरीला परभणीला आणलं. आता ती आमच्याकडेच असते. वैनींनाही चला म्हणालो. त्या आल्या नाहीत.

त्यानंतर खूप दवाखाने झाले. डोक्याचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. देवऋषीही झाला, तो तर ओट्यावरूनच परत गेला. कारण कुणालाच सांगता आलं नाही.

वैनी रोज त्याचा डावा हात हातात घेऊन बसायच्या. सुरुवातीला तो हात त्यांचा हात दाबायचा. पावसाळ्यात नुसतं एक बोट हालायचं. दिवाळीपर्यंत तेही थांबलं.

"वैनी, आता आत कुणी न्हाई," मी एकदा स्पष्ट बोललो. "कामून राहताय तुमी हितं?"



"मी गेले, आन एखांद्या दिवशी त्यांनी आतून हाक मारली तर? ऐकायला कोण हाय, भावजी?"



गेल्या महिन्यात मी झरीला गेलो होतो. ओट्यावर दादासमोर घटकाभर बसलो. तो माझ्याकडे बघत होता, की माझ्या मागच्या भिंतीकडे, कळत नव्हतं. वैनी परसात भांडी घासत होत्या. त्यांना आवाज देऊन मी निघालो.

अंगण ओलांडलं. फाटकाला हात लावला.

मागून आवाज आला.

"राम्या..."

तोच आवाज. तळातला. पण आता आणखी खोल गेलेला.

"...थांब की रं."

फाटकावरचा हात मी तसाच ठेवला. मान वळवली असती तर अंगणापलीकडे ओट्यावर तो होता. माझा दादा. खरा. किती दिवस जोर लावून तेवढे शब्द त्यानं वर आणले असतील, देव जाणे.

पण तो काय मागणार हे मला ठाऊक होतं. त्या दुपारी दारात त्याचं रडणं मी पाहिलं होतं. तो 'मला सोडव' म्हणाला असता. आणि मी ते करू शकलो नसतो, आणि न करताही जगू शकलो नसतो.

मी वळलो नाही.

फाटक उघडलं आणि चालू लागलो. मागून पुन्हा हाक आली नाही. फक्त ते... टी... टी... टी...

रात्री वैनींचा फोन आला.

"भावजी, तुमी निघताना हे काई बोलले का? आज लय दिसानं डोळे वले दिसले."

शेजारी ईश्वरी गृहपाठ करत होती. पेन थांबवून ती माझ्याकडे बघायला लागली.

"न्हाई वैनी," मी म्हणालो. "काहीच न्हाई."

तेव्हापासून मी झरीला गेलेलो नाही.